रोबोकॉप (२०१४) : गोळी नेमकी कोणी झाडली?

तिरकी_रेघ

'कशाला काढले?' अशा रिमेकची यादी निघाली की २०१४चा 'रोबोकॉप' तिच्यात हमखास असतो. रिमेकच्या धाग्यावर परवा तेच झालं. तिथे अवांतर नको म्हणून हा वेगळा धागा. माझं म्हणणं असं की सिनेमा म्हणून तो फसलाय, पण त्याच्या पोटात एक गोष्ट आहे जी १९८७च्या मूळ सिनेमात नव्हती, आणि आज तिचीच जास्त गरज आहे. (स्पॉइलर भरपूर आहेत. सिनेमा दहा वर्षांहून जुना आहे, तक्रार ऐकली जाणार नाही.)

ज्यांनी पाहिला नाही त्यांच्यासाठी कथा. साल २०२८. ऑम्निकॉर्प ही अमेरिकन कंपनी यंत्रसैनिक बनवते आणि अमेरिकेचं लष्कर ते परदेशात वापरतं. सुरुवात तेहरानमध्ये होते. रस्त्यावर उभ्या केलेल्या लोकांवरून रोबो स्कॅनर फिरवतायत आणि हे सगळं किती शांततेत चाललंय ते टीव्हीवरचा पॅट नोव्हाक (सॅम्युअल एल. जॅक्सन) घरबसल्या अमेरिकनांना समजावतोय. तेवढ्यात काही माणसं अंगावर स्फोटकं बांधून रोबोंवर चालून जातात, कॅमेऱ्यासमोर मरायचं म्हणूनच. त्या गदारोळात एक पोरगा स्वयंपाकघरातली सुरी घेऊन बाहेर येतो. समोर ईडी-२०९ नावाचा अजस्र रोबो. सुरी म्हणजे शस्त्र, शस्त्र म्हणजे धोका, संपला हिशेब. नोव्हाक लगेच प्रक्षेपण तोडतो.

खुद्द अमेरिकेत मात्र या रोबोंना बंदी आहे. सिनेटर ड्रेफसच्या नावाचा कायदा आहे: जीव घेताना ज्याला काहीच वाटत नाही त्याच्या हाती जीव घ्यायचा अधिकार द्यायचा नाही. लोकांनाही ते पटलेलं आहे. मग कंपनीचा प्रमुख सेलर्स (मायकेल कीटन) पळवाट शोधतो. यंत्राला काही वाटत नाही ना? मग यंत्रात एक माणूस घाला. गाडीतल्या बॉम्बने होरपळलेला डेट्रॉइटचा पोलीस ॲलेक्स मर्फी (जोएल किनमन) आयताच मिळतो.

आता मुद्द्याचा भाग. चाचणीत मर्फी नुसत्या यंत्रापेक्षा हळू ठरतो. ओलिसांच्या मध्ये उभ्या असलेल्या माणसावर गोळी झाडण्याआधी तो किंचित थांबतो. माणूसच तो, थांबणारच. सेलर्सला हे चालत नाही, माल विकायचाय. म्हणून डॉ. नॉर्टन (गॅरी ओल्डमन) त्याच्या मेंदूत बदल करतो: हेल्मेटची काच खाली आली की सगळे निर्णय संगणक घेणार, पण मर्फीला मात्र वाटत राहणार की ते आपणच घेतोय. पुढच्या चाचणीत तो वाऱ्यासारखा निघतो. कंपनीतली एक बाई विचारते की मग हा माणूस कुठे राहिला? उत्तराचा आशय असा की त्याला स्वतःला आपण मर्फी आहोत असं वाटतंय ना, कायद्याला तेवढं पुरे.

हा प्रसंग मी कितीतरी वेळा पाहिलाय. इथे माणूस निर्णय घ्यायला ठेवलेला नाही, निर्णयाची जबाबदारी अंगावर घ्यायला ठेवलाय. सही त्याची, अक्षर दुसऱ्याचं. आज कुठलंही सरकार वा कंपनी 'अंतिम निर्णय माणूसच घेईल' असं म्हणते तेव्हा मला डॉ. नॉर्टनची प्रयोगशाळा आठवते. सेकंदाच्या काही भागात यंत्राने पुढे केलेल्या उत्तरावर 'होय' दाबणारा माणूस म्हणजे मान डोलावणारा नंदीबैल, दुसरं काय?

दिग्दर्शक जुझे पादिल्या ब्राझीलचा आहे हे इथे फार महत्त्वाचं आहे. त्याबद्दल खाली लिहीनच. आधी तुमच्या शिव्या येऊ द्यात.

जुनाट_व्हीसीआर

शिव्या नाहीत, पण हरकत आहे आणि ती मोठी आहे.

१९८७च्या पॉल वेरहोवनच्या मूळ सिनेमाची जान त्याच्या विखारी विनोदात होती. मध्येच बातम्या, मध्येच जाहिराती, अणुयुद्धाचा कौटुंबिक खेळसुद्धा विकायला काढलेला. ईडी-२०९ बैठकीच्या खोलीत एका कर्मचाऱ्याच्या चिंधड्या उडवतो आणि साहेबाला चिंता कशाची, तर प्रकल्प लांबेल याची. हिंसा इतकी होती की अमेरिकन सेन्सॉरने 'एक्स' (निव्वळ प्रौढांसाठी) दाखला देऊ केला आणि पुन्हा पुन्हा कात्री लावून तो त्याहून सौम्य 'आर'वर आणावा लागला. त्या हिंसेला अर्थ होता. मर्फीला टोळी हालहाल करून मारते, आधी हात उडवते. ते बघवत नाही, म्हणूनच पुढे पत्र्याच्या आतून त्याचं माणूसपण बाहेर डोकावतं तेव्हा काळजात हलतं.

रिमेक पीजी-१३, म्हणजे मुलांनाही बघता येईल असा. मर्फी गाडीजवळ जातो, स्फोट, पुढचा प्रसंग. सगळं कसं सोवळ्यात. रक्त नाही, उपहास नाही. नोव्हाक आहे खरा, पण एकट्या नोव्हाकने काय होणार?

आणि मूळ सिनेमातला रोबोकॉप, पीटर वेलर! मोनी याकिम या मूकाभिनयाच्या गुरूबरोबर त्याने हालचाली बसवल्या होत्या. रॉब बॉटिनने केलेला सूट उशिरा आला तेव्हा त्या त्यात जमेनात, म्हणून सगळं पुन्हा नव्याने बसवलं. आधी मान वळणार, मग धड. नुसत्या मान वळवण्यात अख्खं पात्र होतं. किनमनचा काळा सूट धावतो, उडी मारतो, मोटरसायकल चालवतो. व्हिडिओ गेम झाला त्याचा.

पाणचक्की

जुनाटकाकांना +१. मान वळवण्याबद्दल तर +१००.
पॉपकॉर्न घेऊन बसले आहे.

मिशिगनकर

डेट्रॉइटच्या उपनगरात बरीच वर्षं राहतोय (आमच्याकडची निम्मी मराठी मंडळी मोटारींच्या धंद्यात, मीही त्यातलाच), म्हणून गावाबद्दल चार शब्द.

पहिलं म्हणजे १९८७च्या सिनेमातलं डेट्रॉइट बहुतांशी टेक्सासमधलं डॅलस आहे. त्यातल्या ओसीपी कंपनीचं ते उरात धडकी भरवणारं मुख्यालय म्हणजे डॅलसची नगरपालिका, आय. एम. पेई यांनी आराखडा केलेली. वरचे मजले चित्र रंगवून चढवलेत. २०१४चा बराचसा कॅनडात, टोरांटोच्या आसपास झाला. आमच्या गावाचं नशीबच असं की त्याच्यावरचे सिनेमेसुद्धा दुसरीकडे होतात.

दुसरं म्हणजे डेट्रॉइट महापालिकेने जुलै २०१३मध्ये दिवाळखोरी जाहीर केली. सुमारे १८ अब्ज डॉलरचं देणं होतं. रिमेक फेब्रुवारी २०१४मध्ये लागला तेव्हा शहर न्यायालयात होतं, पेन्शनीत कपात होणार म्हणून निवृत्त कर्मचारी हवालदिल होते, आणि निवडून आलेल्यांच्या डोक्यावर राज्याने नेमलेला व्यवस्थापक बसला होता. मूळ सिनेमात कंपनी दिवाळखोर शहराची पोलीस यंत्रणा चालवायला घेते. म्हणजे प्रत्यक्षात गाव वेरहोवनच्या गोष्टीपर्यंत येऊन पोचलं होतं आणि तेव्हाच रिमेकने एक चकचकीत, बऱ्यापैकी खाऊनपिऊन सुखी डेट्रॉइट दाखवलं. ही संधी कशी काय सोडली हे मला आजतागायत कळलेलं नाही.

तिसरी गोष्ट, जी रेघेच्या बाजूने जाते. रिमेकमध्ये मर्फीच्या डोक्यात शहरातल्या सगळ्या कॅमेऱ्यांची चित्रं आणि गुन्ह्यांची नोंद एकदम ओततात. तो गर्दीत बघतो आणि चेहरे जुळवतो. इथे २०१६पासून 'ग्रीन लाइट' योजना आहे. पेट्रोलपंप, दारूची दुकानं स्वतःच्या खर्चाने कॅमेरे लावतात आणि त्यांचं चित्रण थेट पोलिसांकडे जातं. बाहेर हिरवा दिवा लुकलुकतो. पोलिसांकडे चेहरा ओळखणारं सॉफ्टवेअरही आहे. जानेवारी २०२०मध्ये एका कृष्णवर्णीय गृहस्थाला त्याच्या घरासमोर, बायको आणि लहान मुलींच्या देखत बेड्या घातल्या. दुकानातून घड्याळं चोरल्याचा आरोप. दुकानाच्या कॅमेऱ्यातलं धूसर चित्र सॉफ्टवेअरने त्याच्या जुन्या लायसन्सच्या फोटोशी जुळवलं होतं. चोर तो नव्हताच. जवळजवळ ३० तास कोठडीत काढले बिचाऱ्याने. २०२४मध्ये तडजोड झाली आणि पोलिसांनी मान्य केलं की नुसत्या सॉफ्टवेअरच्या जुळणीवरून अटक करणार नाही.

आता बघा, अटक कोणी केली? हाडामांसाच्या पोलिसांनीच. रोबो कुठेच नव्हता.

तिरकी_रेघ

मिशिगनकर, धागा वर न्यायला हा एक प्रतिसाद पुरे होता. शेवटचं वाक्य तर माझ्या लेखातच हवं होतं.

डॅलसचं तुम्ही काढलंत म्हणून. ७ जुलै २०१६ला त्याच डॅलसमध्ये एकाने पोलिसांवर गोळ्या झाडून पाच जणांना मारलं. तो एका कॉलेजच्या इमारतीत दडून बसला, वाटाघाटी फिसकटल्या, तेव्हा पोलिसांनी बॉम्बनाशक रोबोच्या हातात स्फोटक देऊन त्याच्याकडे पाठवला आणि उडवून दिलं. अमेरिकन पोलिसांनी रोबो वापरून माणूस मारल्याची ही पहिली घटना मानली जाते. जे शहर १९८७मध्ये पडद्यावर डेट्रॉइट झालं होतं, तिथेच.

रिमोटवाला

या धाग्यात 'रोबो' हा शब्द जरा सैल वापरला जातोय म्हणून लिहितो. बॉम्बनाशक यंत्रांशी नोकरीत संबंध आला होता. याहून जास्त सांगत नाही.

डॅलसमध्ये वापरलं ते यंत्र म्हणजे पट्ट्यांवर चालणारी, एक लांब हात असलेली गाडी. लांबून एक माणूस कॅमेऱ्याच्या पडद्यावर बघत दांड्या हलवतो. आपल्याकडचं 'दक्ष' याच जातीचं. ते डीआरडीओच्या पुण्यातल्या, दिघीच्या प्रयोगशाळेत तयार झालं. जिने चढतं, संशयित वस्तूचा एक्स-रे काढतं, पाण्याच्या जोरदार फवाऱ्याने बॉम्ब निकामी करतं. स्वतःच्या मनाने वीतभरसुद्धा पुढे जात नाही. चालवणाऱ्याने हात काढला की जागच्या जागी थांबतं.

त्यामुळे डॅलसमध्ये गोळी कोणी झाडली (स्फोट कोणी केला म्हणा) याचं उत्तर सोपं आहे. दांडी ज्याच्या हातात होती त्याने, त्याच्या साहेबाच्या हुकमावरून. चूक-बरोबर हा भाग वेगळा, पण माणूस बोटाने दाखवता येतो.

घोळ सुरू होतो तो मधल्या पायरीवर. यंत्र चालतं माणसाच्या हाताने, पण लक्ष्य सुचवतं सॉफ्टवेअर. पडद्यावर लाल चौकट येते. चालवणारा दमलेला, तासन् तास पडद्यासमोर बसलेला. शंभरदा चौकट बरोबर निघाली की एकशे एकाव्या वेळी तो चौकटीच्या आत काय आहे ते बघत नाही, नुसती चौकट बघतो. हे मी माणसांत होताना पाहिलंय, तेही साध्या एक्स-रे यंत्रावर. त्यासाठी कोणाच्या मेंदूत तार घालावी लागत नाही. सिनेमात डॉ. नॉर्टन शस्त्रक्रिया करून जे साधतो ते प्रत्यक्षात सवयीने आपोआप होतं.

सरळ_बोलतो

सगळे भलतेच भावुक झालेत. मी उलट बाजू मांडतो.

रोबो पोलीस चिरीमिरी घेणार नाही. जात विचारणार नाही. आमदाराचा फोन आला म्हणून तक्रार नोंदवायची टाळणार नाही. बारा-चौदा तासांच्या बंदोबस्तानंतर चिडून कुणाच्या कानाखाली वाजवणार नाही. रिमेकमध्ये मर्फी स्वतःच्याच खात्यातले भ्रष्ट पोलीस पकडतो, मुख्य अधिकारी बाईंपर्यंत पोचतो. पहिल्यांदाच कोणीतरी वरपर्यंत गेला! आणि तुम्ही म्हणता मेंदूत तार घातली हो. घाला की. मला चौकात असा पोलीस चालेल.

पाणचक्की

@सरळ_बोलतो, हे तर सगळं नोव्हाक बोलतो सिनेमात :D

आणि मर्फी मुख्य अधिकारी बाईंपर्यंत पोचतो तेव्हा पुढे काय होतं? कंपनीचा माणूस बटण दाबून त्याला जागच्या जागी बंद करतो. वरपर्यंत जाऊ देतात, पण कुठल्या मजल्यापर्यंत ते मालक ठरवतो. चिरीमिरी घेत नाही कबूल, पण देखभालीचं कंत्राट कोणाकडे?

बाकी चौकातल्या यांत्रिक पोलिसांचं आजवरचं कर्तृत्व बघता घाबरायचं कारण नाही. २०१७मध्ये वॉशिंग्टनला एका इमारतीत पहाऱ्याला ठेवलेला रोबो स्वतःहून कारंज्यात जाऊन पडला होता. केरळ पोलिसांनी २०१९मध्ये तिरुवनंतपुरमच्या मुख्यालयात एक रोबो ठेवला, त्याला फौजदाराचा हुद्दाही दिला. काम काय, तर आल्या-गेल्याला सलाम ठोकणं आणि कुठल्या खोलीत जायचं ते सांगणं.

काळा_कोट

पाणचक्कीताईंनी विषय कंत्राटावर आणलाच आहे तर थोडं कायद्याचं.

'सरळ_बोलतो' यांचा राग मला समजतो. पण पोलिसाने बळ वापरणं ही आपल्या कायद्यात व्यक्तीशी बांधलेली गोष्ट आहे. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम ४३ (जुन्या सीआरपीसीचं ४६) अटकेसाठी लागेल ते बळ वापरू देतं, पण ज्याच्यावर फाशी वा जन्मठेपेच्या गुन्ह्याचा आरोप नाही त्याला अटक करताना ठार मारायचा अधिकार देत नाही. जीव वाचवण्यासाठी गोळी झाडली असं म्हणायचं तर स्वसंरक्षण सिद्ध करावं लागतं. स्वसंरक्षणाला 'स्व' लागतो! यंत्राच्या जिवाला धोका होता असं न्यायालयात कोण सांगणार?

दुसरा मुद्दा आपल्या घरचा. रिमेक आला त्याच वर्षी, सप्टेंबर २०१४मध्ये, सर्वोच्च न्यायालयाने पीयूसीएल (नागरी हक्कांसाठी लढणारी संघटना) विरुद्ध महाराष्ट्र राज्य या खटल्यात चकमकींच्या तपासासाठी १६ सूचना दिल्या. खटला मुंबई पोलिसांच्या १९९५ ते १९९७ या काळातल्या ९९ चकमकींबद्दल होता, त्यांत सुमारे १३५ माणसं मारली गेली होती. सूचनांमध्ये आहे की तपास स्वतंत्र यंत्रणेने करावा, चकमकीत सामील पोलिसांनी आपली शस्त्रं तपासणीसाठी जमा करावीत, आणि घटनेनंतर लगेच कोणाला बढती वा शौर्यपदक देऊ नये.

आता या सूचना मर्फीला लावून बघा. पदकाचं सोडा, त्याला नकोच आहे. शस्त्र जमा करायचं म्हणजे काय जमा करायचं? मांडीतून बाहेर येणारं पिस्तूल, की ते कधी चालवायचं हे ठरवणारं सॉफ्टवेअर? आणि सॉफ्टवेअर पोलिसांच्या मालकीचं नसेल तर?

ताजा कलम: सॅन फ्रान्सिस्कोच्या नगरमंडळाने नोव्हेंबर २०२२च्या शेवटी पोलिसांना अगदी निकराच्या वेळी रोबोने जीव घ्यायची मुभा ८ विरुद्ध ३ मतांनी दिली होती. लोक रस्त्यावर आले आणि आठवड्याभरात निर्णय फिरवला. ड्रेफस कायदा अगदीच कल्पनेतला नाही.

तिरकी_रेघ

वकीलसाहेब, चकमकीचा विषय तुम्ही काढलात आणि माझं काम सोपं केलंत, कारण पादिल्या थेट तिथूनच आलाय.

त्याचा पहिला महत्त्वाचा सिनेमा हा माहितीपट आहे, 'बस १७४' (२००२). जून २००० मध्ये रिओत एका तरुणाने बस ओलीस धरली आणि तासन् तास ते देशभर टीव्हीवर दिसत राहिलं. शेवटी पोलिसांची गोळी चुकून एका ओलीस बाईला लागली, अपहरणकर्त्याच्या गोळ्याही तिलाच लागल्या, ती गेली. त्याला जिवंत पकडलं आणि पोलिसांच्या गाडीतच गुदमरवून मारलं. पादिल्या मागे मागे जात त्या तरुणाचा इतिहास काढतो. लहानपणी तो रस्त्यावर राहायचा, आणि १९९३मध्ये कांदेलारिया चर्चसमोर झोपलेल्या मुलांना पोलिसांच्या टोळीने गोळ्या घातल्या त्यातून वाचलेल्यांपैकी तो एक.

मग २००७मध्ये 'एलिट स्क्वाड'. रिओच्या पोलिसांचं बोपे नावाचं विशेष दल, कवटीत खुपसलेला सुरा हे त्यांचं चिन्ह. कॅप्टन नासिमेंतो झोपडपट्टीत घुसतो, डोक्यावर प्लास्टिकची पिशवी घालून माणसांना बोलतं करतो. सिनेमाला बर्लिनच्या महोत्सवात २००८चं गोल्डन बेअर पारितोषिक मिळालं, आणि त्याच वेळी काही समीक्षकांनी त्याला फॅसिस्टही ठरवलं. ब्राझीलमधले लोक मात्र कॅप्टनसाठी टाळ्या वाजवत होते. पादिल्याला दाखवायचा होता छळ, लोकांनी बघितला हिरो. आपल्याकडे चकमकफेम पोलिसांवरच्या सिनेमांना शिट्ट्या पडतात ते आठवा. २०१०च्या दुसऱ्या भागात त्याने तोच कॅप्टन सरकारी कचेरीत नेऊन बसवला आणि गोळी झाडणाऱ्याच्या मागची साखळी उलगडली: राजकारणी, टीव्हीवर आरडाओरडा करणारा सूत्रसंचालक, वस्त्यांमधून हप्ते गोळा करणारे पोलीस.

टीव्हीवर ओरडणारा सूत्रसंचालक. ओळखीचा वाटला ना? नोव्हाक हॉलीवूडचा नाही, तो रिओहून आलाय. माझ्या मते 'रोबोकॉप' हा त्या मालिकेचा तिसरा भाग आहे, फक्त पैसे स्टुडिओचे. पहिल्या भागात गोळी झाडणारा माणूस, दुसऱ्यात त्याला झाडायला लावणारी व्यवस्था, तिसऱ्यात माणूसच वजा केला तर काय उरतं ते.

उंबरकाठ

चर्चा छान चालली आहे. पण सिनेमातल्या सगळ्यात जबरदस्त प्रसंगाचा कोणी उल्लेखच केला नाही? मर्फी नॉर्टनला सांगतो की माझं काय उरलंय ते दाखवा. आरशासमोर एकेक भाग बाजूला होत जातो. शेवटी राहतं ते डोकं, काचेमागे हलणारी फुफ्फुसं, हृदय आणि लोंबणारा एक हात. तो म्हणतो मला मरायचंय. जुनाटकाका, इथे रक्ताचा थेंब नाही, तरी मूळ सिनेमातल्या कुठल्याही गोळीबारापेक्षा मला हे जास्त लागलं. गॅरी ओल्डमनचा चेहरा बघा त्या वेळी, केलेल्या पापाची यादी वाचत असल्यासारखा.

आणि जाहीर कार्यक्रमाआधी मर्फीच्या डोक्यात एवढं चित्रण ओतल्यावर, त्यात स्वतःवरचा हल्लाही दिसल्यावर, तो कोसळतो. वेळ अगदी थोडा. नॉर्टन त्याच्या मेंदूतलं डोपामिन खाली आणतो, आणि पुढच्या क्षणी मर्फी बायको-मुलाकडे ढुंकूनही न बघता चालत जातो. मूळ सिनेमात कुटुंब फक्त आठवणींच्या तुकड्यांत होतं, इथे बायको समोर उभी आहे. कंपनी माणूस यंत्रात घालते तो 'भावना आहेत' म्हणून, आणि त्याच भावना अडचणीच्या झाल्या की नळासारख्या बंद करते.

जाता जाता: डॉ. डेनेट नॉर्टन आणि सिनेटर ह्यूबर्ट ड्रेफस ही दोन्ही नावं तत्त्वज्ञांची आहेत. ह्यूबर्ट ड्रेफस यांनी संगणकाला काय जमणार नाही यावर १९७२मध्ये पुस्तक लिहिलं होतं, आणि डॅनियल डेनेट माणसाचं मन ही मेंदूचीच करामत मानणारे. लिहिणाऱ्यांनी गृहपाठ केला होता.

जुनाट_व्हीसीआर

आरशाचा प्रसंग चांगला आहे, नाही कशाला म्हणू. पण आता माझा खरा टोला घ्या.

शेवट बघा. १९८७मध्ये मर्फीच्या डोक्यात गुप्त चौथा नियम असतो, कंपनीच्या वरिष्ठांवर हात टाकता येत नाही. कंपनीतला बडा साहेब डिक जोन्स खुनी आहे हे सगळ्यांना दिसतंय, रोबोकॉपचं पिस्तूल मात्र उठत नाही. मग कंपनीचा म्हातारा अध्यक्ष काय करतो? जोन्सला तिथल्या तिथे नोकरीवरून काढतो. आता तो वरिष्ठ नाही, नियम लागू नाही, धाड धाड. इच्छाशक्ती नाही, प्रेम नाही, चमत्कार नाही. यंत्र शेवटपर्यंत यंत्र राहतं आणि प्रश्न सुटतो कागदी कारवाईने! भांडवलशाहीची याहून चांगली थट्टा मी पाहिलेली नाही.

२०१४मध्ये? सेलर्सच्या मनगटावर लाल पट्टा, तो असला की मर्फीला गोळी झाडता येत नाही. आणि मर्फी काय करतो, तर दात-ओठ खातो, बायको-मुलाकडे बघतो, जोर लावतो आणि जमतं. अहो, तासभर तुम्ही आम्हाला काय पटवत होतात? की 'मी ठरवतोय' हे वाटणंच खोटं असू शकतं. आणि शेवटी 'मी ठरवलं' म्हणून सगळं सुटलं? तुमचा तो तासभर शेवटच्या पाच मिनिटांनी पाण्यात घातला.

पाणचक्की

यावर रेघ काय बोलणार? पॉपकॉर्न संपत आले.

तिरकी_रेघ

शेवट लेचापेचा आहे हे मी पहिल्याच परिच्छेदात 'फसलाय' म्हणून मोकळा झालोय :) कागदी कारवाईचा तुमचा मुद्दा मात्र फक्कड आहे, मी मूळ सिनेमा तसा कधी बघितला नव्हता. सुमारे १० कोटी डॉलर खर्चून केलेल्या सिनेमात नायक शेवटी हतबल ठेवायला कोण तयार होईल? जगभर २४ कोटींच्या आसपास मिळाले, अमेरिकेत जेमतेम ६ कोटींच्या आतबाहेर, म्हणजे तडजोड करूनही फार काही हाती लागलं नाही. मूळ सिनेमा १.३ कोटीत झाला होता. स्वस्त सिनेमाला उर्मट होणं परवडतं.

पण त्याच शेवटात एक गोष्ट शाबूत आहे. मर्फी जिंकल्यावरही नोव्हाक टीव्हीवर परत येतोच. रोबोंवरची बंदी कायम राहिली म्हणून तो शिव्या घालतो, आणि परदेशात तेच रोबो चालूच आहेत. सुरी घेऊन आलेल्या पोराबद्दल कोणालाही जाब विचारला गेलेला नाही. डेट्रॉइटला मर्फी मिळाला, तेहरानला ईडी-२०९च. कायदा फक्त अमेरिकन नागरिकासाठी होता, हे सिनेमा न ओरडता सांगतो.

सरळ_बोलतो

तेहरानचं पटलं. चिरीमिरीचं अजून उत्तर मिळालेलं नाही, पण असो.

काळा_कोट, एक खरंच विचारतो. आपल्याकडे राज्य सरकारने २०२४मध्ये नागपुरात पोलिसांसाठी 'मार्व्हल' नावाची कंपनी काढली आहे, कृत्रिम बुद्धिमत्ता वापरून तपासाला मदत करणारी. तिथे हे कसं लागू होईल? सरकारी आहे म्हटल्यावर तुमचा मालकीचा प्रश्न सुटला ना?

काळा_कोट

निम्मा सुटला. कंपनी सरकारची असेल तर निदान कोणाला नोटीस पाठवायची ते कळतं. पण न्यायालयात बचावाचा वकील विचारणार की माझ्या अशिलाचं नाव यंत्राने वर का आणलं? तपास अधिकाऱ्याने साक्षीत 'सिस्टीमने दाखवलं' एवढंच म्हणून चालणार नाही. उलटतपासणी माणसाची होते, सिस्टीमची होत नाही. मिशिगनकरांच्या उदाहरणात नेमकं हेच झालं, जुळणीनंतर जो तपास व्हायला हवा होता तो झाला नाही.

रिमोटवाला

नोंदी मागवाव्यात, साहेब. कुठलंही बऱ्यापैकी यंत्र क्षणाक्षणाची नोंद ठेवतं: काय दिसलं, काय सुचवलं, माणसाने किती सेकंदांनी 'होय' दाबलं. ती वेळ बघितली की माणसाने खरंच विचार केला की नाही ते लगेच कळतं. खरेदीच्या करारातच लिहून घ्यायचं की नोंदी खरेदीदाराच्या ताब्यात राहतील. हे आधी लिहून घेतलं नाही तर नंतर दुरुस्तीला आलेला कंपनीचा माणूस 'त्या आमच्या गोपनीय आहेत' म्हणतो.

काळा_कोट

'किती सेकंदांनी होय दाबलं' हे टिपून ठेवलं आहे. उपयोगी पडेल.

उंबरकाठ

रेघ, ते ब्राझीलचे सिनेमे कुठल्या क्रमाने बघायचे? 'एलिट स्क्वाड' आधी बघितला तर चालेल का? घरात आठवीतला मुलगा आहे, तोही बसतो सिनेमाला.

तिरकी_रेघ

'बस १७४' आधी, मग दोन्ही 'एलिट स्क्वाड', मग 'रोबोकॉप'. 'एलिट स्क्वाड' मुलासोबत अजिबात नको, पिशवीचे प्रसंग फार वाईट आहेत. रिमेक त्याच्यासोबत बघा, पीजी-१३चा तेवढा फायदा. आणि १९८७चा जुनाटकाकांना विचारून.

जुनाट_व्हीसीआर

अठरा पूर्ण झाल्यावर. जाहिरातींसकट, एकही न गाळता.